समीक्षेकडून महोत्सवाकडे : सुधीर नांदगावकर यांचे कार्य आणि चेन्नईचा पडताळा

१

साहित्याचा समीक्षक आणि चित्रपटाचा समीक्षक यांच्या स्थितीत एक मूलभूत भेद आहे. साहित्यसमीक्षक एखाद्या कादंबरीची थोरवी सांगतो, तेव्हा वाचक ती ग्रंथालयातून मिळवू शकतो, विकत घेऊ शकतो, निदान कोणाकडून मागून आणू शकतो. समीक्षकाचे मत आणि मूळ कृती समोरासमोर ठेवून पारखण्याची सोय त्याला असते. चित्रपटाच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही सोय जवळजवळ नव्हती. परदेशी चित्रपटाची एखादीच प्रत देशात येई, दोन-चार ठिकाणी दाखवली जाई आणि परत जाई. तिच्याविषयी समीक्षकाने कितीही मर्मज्ञतेने लिहिले, तरी ज्याने चित्रपट पाहिलेला नाही अशा वाचकाच्या लेखी ते लेखन ऐकीव माहितीच्या पातळीवर राही. पडताळा घेता येत नाही अशी समीक्षा हळूहळू अधिकारवाणीचे रूप घेते, किंवा नुसत्या वर्णनात विरून जाते.

या पेचातून सुटण्याचे दोन मार्ग होते. गावातील चित्रगृहात लागलेल्या चित्रपटांपुरतेच लिहावे, हा पहिला. वाचकासमोर चित्रपटच आणून ठेवावा, हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या समीक्षकाला लेखणीखेरीज इतर अनेक गोष्टी हाती घ्याव्या लागतात: सभासदांची वर्गणी, सभागृहाचे भाडे, वकिलातींशी पत्रव्यवहार, शासकीय परवाने. सुधीर नांदगावकर यांनी हा मार्ग पत्करला. त्यांच्या कार्याचा वेध घेत असताना समीक्षक महोत्सवाचा संस्थापक होतो तेव्हा त्याच्या समीक्षेचे काय होते, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईच्या बरोबरीने चेन्नई या दुसऱ्या चित्रपटनगरीचा दाखला विचारात घेणे अगत्याचे आहे.

२

भारतातील चित्रपटसंस्थांच्या चळवळीचा आरंभ मुंबईत झाला. १९३७ मध्ये येथे हौशी चित्रपटप्रेमींची एक संस्था निघाली आणि १९४२ मध्ये बॉम्बे फिल्म सोसायटी स्थापन झाली. तथापि चळवळीला वैचारिक अधिष्ठान मिळाले ते १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापलेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीमुळे. १९५२ च्या जानेवारीत पहिला भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि तेथून तो दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे नेण्यात आला. डी सिका यांच्या 'बायसिकल थीव्हज'सारख्या चित्रपटांचे दर्शन अनेक भारतीय रसिकांना याच निमित्ताने घडले. १९५९ मध्ये निरनिराळ्या शहरांतील संस्था एकत्र येऊन त्यांचा महासंघ झाला. राय त्याचे अध्यक्ष झाले. विजया मुळे आणि चिदानंद दासगुप्त यांनी चिटणीसपदाची जबाबदारी उचलली, तर मद्रासच्या अम्मू स्वामिनाथन यांनी उपाध्यक्षपद भूषविले. पुढे १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि जुन्या अभिजात चित्रपटांच्या प्रती मिळण्याचा एक देशी मार्ग खुला झाला.

या सर्व उद्योगाची कार्यपद्धती समजून घेतल्याविना पुढील विवेचन स्पष्ट होणार नाही. चित्रपटसंस्था तिकीट विकत नसे. ती सभासदांकडून वर्गणी घेई आणि खेळ केवळ सभासदांसाठी असे. त्यामुळे प्रमाणपत्राविना चित्रपट दाखविण्याची सवलत महासंघामार्फत तिला मिळू शके. चित्रपटांच्या प्रती मुख्यतः परदेशी वकिलाती, त्यांची सांस्कृतिक केंद्रे आणि चित्रपट संग्रहालय यांच्याकडून येत. पुष्कळदा त्या सोळा मिलिमीटरच्या असत. उपशीर्षके इंग्रजीत असत, आणि कित्येकदा तीही नसत. अशा वेळी खेळापूर्वी केलेले निवेदन आणि हाती दिलेले टिपण हेच प्रेक्षकाचे साधन ठरे. हे टिपण लिहिणारा माणूस बहुधा समीक्षक असे. म्हणजे संस्थेच्या व्यवहारात समीक्षेला प्रारंभापासूनच जागा होती. फरक एवढाच, की येथे समीक्षा चित्रपटाच्या आधी वाचली जाई आणि खेळ संपताच तिची परीक्षा होई.

३

मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळाची स्थापना झाली. संस्थापकांत नांदगावकर प्रमुख होते. मराठी रसिकाला 'प्रभात' या नावाबरोबर पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. परंतु मंडळाचे कार्यक्षेत्र मराठी चित्रपटापुरते सीमित नव्हते. जपानी, इटालियन, फ्रेंच, पोलिश, रशियन अशा चित्रपटांशी मराठी प्रेक्षकाचा परिचय व्हावा आणि त्यांची चर्चा मराठीतून व्हावी, अशी दुहेरी भूमिका त्यामागे होती.

दुसऱ्या भागाचे महत्त्व विशेष आहे. महानगरांतील बहुतेक चित्रपटसंस्थांचा व्यवहार इंग्रजीतून चाले. तेथे चित्रपटाची जाण आणि इंग्रजीची जाण या जणू एकच गोष्टी मानल्या जात. वृत्तपत्रांतून मराठीत चित्रपटसमीक्षा करणाऱ्या नांदगावकरांना हे समीकरण मान्य असणे शक्य नव्हते. त्यांचा वाचक मराठी होता. त्याला दृश्यचौकट, संकलन, कथनाची लय यांविषयी विचार करायचा तर तो त्याच्या भाषेत करता आला पाहिजे, आणि त्यासाठी परिभाषा घडवावी लागणार. मंडळाने पुढे 'वास्तव रूपवाणी' हे मराठी नियतकालिक चालविले, ते या दृष्टीने पाहिले पाहिजे. वृत्तपत्रातील परीक्षणाला जागेची आणि शुक्रवारच्या प्रदर्शनाची मर्यादा असते. नियतकालिकात दिग्दर्शकाचा समग्र विचार, चळवळीचा इतिहास, एखाद्या चित्रपटाचे प्रसंगवार विश्लेषण यांना वाव मिळतो. मराठी चित्रपटविषयक गद्याचा एक महत्त्वाचा साठा अशा नियतकालिकांतून पडून आहे. वाङ्मयेतिहासाने त्याची अद्याप पुरेशी नोंद घेतलेली नाही.

या काळाचा वाङ्मयीन संदर्भही लक्षात घेण्याजोगा आहे. १९६९ मध्ये मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' आला. १९७१ मध्ये विजय तेंडुलकरांच्या नाटकावर आधारलेला सत्यदेव दुबे यांचा 'शांतता! कोर्ट चालू आहे' हा चित्रपट पूर्ण झाला. तेंडुलकरांनीच लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्याच दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रंथाली'ची वाचक चळवळ सुरू केली. पुस्तक वाचकापर्यंत नेण्याचा आणि चित्रपट प्रेक्षकापर्यंत नेण्याचा प्रयत्न एकाच सांस्कृतिक हवेत झाला, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. निर्मितीइतकीच ग्रहणाची व्यवस्थाही उभारावी लागते, अशी जाणीव त्या पिढीच्या कार्यकर्त्यांत होती.

४

चित्रपटसंस्थांना ओहोटी लागली ती १९८० नंतरच्या दशकात. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ घरोघर पोचला आणि १९९० नंतर उपग्रहवाहिन्यांचा प्रसार झाला. जे पाहण्यासाठी सभासद व्हावे लागे, त्यातील काही घरबसल्या दिसू लागले. अनेक संस्था बंद पडल्या किंवा नावापुरत्या उरल्या.

याच काळाच्या पाठीवर एक उलट दिसणारी घटना घडली. १९९५ मध्ये कोलकात्यात, १९९६ मध्ये केरळात, १९९७ मध्ये मुंबईत, १९९९ मध्ये दिल्लीत, २००२ मध्ये पुण्यात आणि २००३ मध्ये चेन्नईत असे नवे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाले. अवघ्या आठ-नऊ वर्षांत देशाचा महोत्सवी नकाशा बदलला. तोवर केंद्र शासनाचा महोत्सव एक वर्ष दिल्लीत आणि एक वर्ष दुसऱ्या एखाद्या शहरात भरे. मद्रासच्या वाट्याला तो १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये आला होता. म्हणजे शहरातील रसिकाला आपल्या पाळीसाठी दशकभर थांबावे लागे. २००४ पासून तो गोव्यात स्थिरावला. दरवर्षी आपल्याच शहरात भरणारा महोत्सव ही त्यामुळे गरजही होती आणि शहराच्या प्रतिष्ठेची बाबही झाली होती. सभासद-संस्थेची साप्ताहिक वा मासिक शिस्त ढिली पडत असताना वर्षातून एकदा आठवडाभर भरणारा उत्सव मात्र गर्दी खेचू शकत होता.

मुंबईतील महोत्सवाच्या उभारणीत नांदगावकरांचा वाटा मोठा होता. चित्रपटव्यवसायातील मान्यवरांनी हृषीकेश मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली 'मामी' ही संस्था स्थापन केली आणि १९९७ मध्ये पहिला महोत्सव भरविला. प्रारंभीच्या वर्षांत नांदगावकर त्याचे संचालक होते. त्यानंतर २००२ मध्ये किरण शांताराम यांच्या अध्यक्षतेखाली आशियाई चित्रपटांना वाहिलेला 'थर्ड आय' महोत्सव मुंबईत सुरू झाला. त्याच्या मागेही नांदगावकर होते. पाश्चात्त्य महोत्सवांनी गौरवलेले चित्रपट आपल्याकडे आणणे, ही महोत्सव भरविण्याची सोपी रीत आहे. इराण, कोरिया, श्रीलंका, चीन येथील चित्रपटांना वेगळे व्यासपीठ देणे, हा त्या तुलनेत समीक्षकाचा निर्णय आहे. भारतीय प्रेक्षकाने शेजाऱ्यांचा चित्रपट युरोपच्या शिफारशीवाचून पाहावा, असे विधान त्यात अंतर्भूत आहे.

महोत्सवाची रचना हे समीक्षेचेच रूप आहे, ते या अर्थाने. समीक्षेची मुख्य कार्ये तीन: निवड, मांडणी आणि उकल. शेकडो चित्रपटांतून काही घेणे ही निवड. एका दिग्दर्शकाचे सिंहावलोकन ठेवणे किंवा दोन देशांचे चित्रपट लागोपाठ दाखवून त्यांच्यातील नाते सुचविणे ही मांडणी. पुस्तिकेतील टिपणे, चर्चासत्रे आणि दिग्दर्शकाशी संवाद ही उकल. लेखात जे वाक्यांनी साधावे लागते, ते येथे वेळापत्रकाने साधते. मात्र एक किंमत मोजावी लागते. लेखाखाली समीक्षकाची सही असते. वेळापत्रकाखाली ती नसते. पाच वर्षांनी कोणीही त्या निवडीचा कर्ता कोण, हे विचारीत नाही.

५

चेन्नईचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे, कारण तेथे आरंभबिंदू वेगळा आणि परिणतीही वेगळी दिसते. मद्रास हे अनेक भाषांतील चित्रपटनिर्मितीचे केंद्र होते आणि चित्रपटाला तेथे जे राजकीय सामर्थ्य लाभले, ते मुंबईत कधी लाभले नाही. ज्या १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय महोत्सव मद्रासला गेला, त्याच वर्षाच्या उत्तरार्धात करुणानिधी यांच्या संवादांनी गाजलेला 'पराशक्ती' प्रदर्शित झाला. एकीकडे अल्पाक्षरी वास्तववाद आणि दुसरीकडे वक्तृत्वाचा प्रपात, अशी दोन टोके एकाच वर्षात त्या नगरीने पाहिली. पुढे अण्णादुराई, करुणानिधी, एम. जी. रामचंद्रन आणि जयललिता अशा चित्रपटाशी निगडित व्यक्ती मुख्यमंत्री झाल्या.

तमिळ साहित्यिकाचा चित्रपटाशी संबंधही आरंभीच जडला. 'आनंद विकटन'मधून चित्रपटपरीक्षणे लिहिणारे कल्कि कृष्णमूर्ती यांच्याच कथेवर १९३९ चा 'त्यागभूमी' निघाला. समीक्षकाने पटकथेकडे वळावे, हा तेथील एक स्वाभाविक मार्ग होता. व्यवसाय इतका जवळ आणि इतका प्रबळ असताना समीक्षकाला निर्मितीचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. व्यवसायाबाहेर उभे राहून प्रेक्षक घडविण्याचे काम चित्रपटसंस्थांकडे आले. अम्मू स्वामिनाथन यांच्या काळातील मद्रास फिल्म सोसायटीपासून ही धारा वाहत राहिली.

२००३ मध्ये सुरू झालेला चेन्नई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव याच धारेतून आला. तो भरविणारी 'इंडो सिने ॲप्रिसिएशन फाउंडेशन' ही मुळात चित्रपटसंस्था आहे आणि महोत्सवाचे प्रवर्तक ई. थंगराज यांची ओळख समीक्षक अशी नसून चित्रपटसंस्थेचे संघटक अशी आहे. वर्षभर सभासदांसाठी खेळ करावयाचे आणि डिसेंबरात त्याचे विस्तारित रूप म्हणून महोत्सव भरवावयाचा, असा तेथील क्रम आहे. कालांतराने राज्य शासनाचे आणि तमिळ चित्रपटव्यवसायाचे साहाय्य मिळाले, तरी मूळ संस्था बदलली नाही. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत महापूर आला. त्या वर्षीचा महोत्सव रद्द न होता पुढे ढकलला गेला आणि २०१६ च्या जानेवारीत झाला. साथीच्या काळातील महोत्सवही असाच लांबून २०२१ च्या फेब्रुवारीत पार पडला. २०२४ च्या डिसेंबरात महोत्सवाने बाविसावे वर्ष गाठले.

६

आता मुंबई आणि दिल्ली यांच्याशी तुलना करता एक महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. दिल्लीत १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'सिनेफॅन' महोत्सवाच्या संस्थापक अरुणा वासुदेव याही मूळच्या समीक्षक होत्या. चित्रपट-नियंत्रणावरील त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये आला. १९८८ मध्ये त्यांनी आशियाई चित्रपटाला वाहिलेले 'सिनेमाया' हे इंग्रजी नियतकालिक काढले आणि पुढे त्यातूनच महोत्सव निघाला. २००४ मध्ये तो 'ओशियान्स' या कलाव्यवहारातील संस्थेकडे गेला, त्याचा विस्तार झाला, आणि २०१२ नंतर तो भरला नाही. मुंबईच्या महोत्सवालाही पुढे मोठ्या उद्योगसमूहाचे प्रायोजकत्व लाभले, आणि २०१४ मध्ये प्रायोजकाने हात आखडता घेतल्यावर तो भरेल की नाही अशी शंका निर्माण झाली. व्यक्तिगत देणग्यांच्या बळावर त्या वर्षी तो पार पडला.

या उदाहरणांवरून प्रायोजकाला दोष देणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. पस्तीस मिलिमीटरच्या जड पेट्या परदेशातून आणणे, पाहुण्यांची व्यवस्था, चित्रगृहांचे भाडे हा खर्च वर्गणीतून भागणे अवघड असते. प्रायोजकाविना महोत्सव लहान राहतो, हे खरे आहे. दोष असलाच तर तो महोत्सवाच्या पायाभरणीत शोधावा लागेल. ज्याच्या खाली सभासदांचा थर आहे, तो महोत्सव अडचणीच्या वर्षी आकाराने आटतो, पण उरतो. ज्याच्या खाली केवळ संस्थापकाची प्रतिष्ठा आणि प्रायोजकाची इच्छा आहे, त्याला यांपैकी एक आधार जाताच तोल सावरावा लागतो. चेन्नईत महोत्सव हे संस्थेच्या झाडाला आलेले फळ आहे. दिल्लीत फळ मोठे आले, पण खाली मुळे पसरण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही.

नांदगावकरांना या धोक्याची जाणीव होती, असे त्यांच्या कार्यक्रमावरून अनुमान काढता येते. महोत्सवाच्या धामधुमीतही त्यांनी प्रभात चित्र मंडळाशी असलेला संबंध सोडला नाही. चित्रपटसंस्थांच्या महासंघाचे पदाधिकारी या नात्याने त्यांनी महाविद्यालयांच्या आवारात चित्रपटसंस्था काढण्याच्या योजनेचा पाठपुरावा केला. जुन्या संस्थांचे सभासद वृद्ध होत चालले होते आणि तरुण प्रेक्षक महोत्सवाला आठवडाभर येऊन वर्षभरासाठी नाहीसा होत होता. महाविद्यालयात संस्था निघाली, तर दरवर्षी नवे विद्यार्थी आपोआप मिळत राहतील, असा या योजनेचा साधा हिशेब होता. तिचे यश सर्वत्र सारखे नाही. उत्साही प्राध्यापक असेल तेथे संस्था चालते आणि त्याची बदली होताच थंडावते, हा अशा उपक्रमांचा नेहमीचा अनुभव आहे. तरी रोगाचे निदान अचूक होते, हे मान्य करावे लागेल.

७

सुधीर नांदगावकर यांचे २०२३ च्या जानेवारीत निधन झाले. पाच दशकांहून अधिक काळ चाललेल्या या कार्याचे मूल्यमापन करताना दोन टोकांची मते संभवतात. समीक्षकाने संघटनेत वेळ घालविल्यामुळे त्याच्या हातून व्हावयाचे ग्रंथलेखन राहून गेले, असे एक मत. ज्याने हजारोंना चित्रपट दाखविला, त्याच्या लेखनाची चिकित्सा करण्याचे प्रयोजनच नाही, असे दुसरे. पहिले मत समीक्षेला केवळ मुद्रित मजकूर समजते, तर दुसरे संघटनकार्याला समीक्षेपासून तोडते. दोन्ही मतांत कर्त्याचा अर्धाच भाग उरतो.

वस्तुस्थिती अशी, की मराठीत चित्रपटसमीक्षेला पडताळ्याची भूमी या संघटनकार्याने मिळवून दिली. ज्या वाचकाने कुरोसावा पाहिला आहे, त्याच्यासमोर कुरोसावाविषयी सैलपणे लिहिता येत नाही. १९६८ पूर्वीच्या आणि नंतरच्या मराठी चित्रपटविषयक लेखनाची तुलना कोणी अभ्यासक करील, तर परिभाषेत, उदाहरणांच्या आवाक्यात आणि वाचकाकडून गृहीत धरलेल्या पूर्वज्ञानात पडलेला फरक त्याला मोजता येईल. त्या फरकाचे श्रेय एका व्यक्तीला देता येणार नाही, परंतु चित्रपटसंस्थेला वगळून त्याची उपपत्तीही लावता येणार नाही.

भारतीय साहित्यांच्या इतिहासलेखनात ग्रंथ, नियतकालिक आणि साहित्यसंमेलन यांना स्थान मिळाले आहे. चित्रपटसंस्थेची खेळपूर्व टिपणे, महोत्सवाच्या पुस्तिका, वर्षोवर्षीची वेळापत्रके हीही समीक्षेची साधने आहेत. मात्र ही साधने कार्यालयांच्या कपाटांत आणि जुन्या सभासदांच्या घरी विखुरलेली असून त्यांचा कागद वेगाने जीर्ण होत आहे. मुंबई आणि चेन्नई येथील अशा सामग्रीचे सूचीकरण झाले, तर मराठी आणि तमिळ प्रेक्षकाने कोणत्या वर्षी जगातील कोणता चित्रपट पाहिला आणि त्याविषयी त्याला काय सांगण्यात आले, याचा तौलनिक इतिहास लिहिता येईल. समीक्षकाची जी सही वेळापत्रकाखाली उमटली नाही, ती अशा इतिहासात तरी वाचता यावी.